नोहाचा शाप आणि शरणपूरचे आश्रित

सिम्हाथ तोराचा आनंद ओसरला की तोरावाचनाचे चक्र नव्याने सुरू होते आणि दुसऱ्याच शब्बाथास नोहाची पाराशा येते. जलप्रलय, तारू, कबुतर आणि आकाशातील धनुष्य एवढे आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात असते. तारवातून उतरल्यानंतर काय घडले तिकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस पिऊन तो आपल्या तंबूत उघडा पडला. त्याचा पुत्र हाम याने ते पाहिले व बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी पाठमोरे चालत जाऊन पित्याच्या अंगावर वस्त्र घातले. शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला. तो हामला नव्हे, तर हामचा पुत्र कनान याला, की तू आपल्या भावांचा दास होशील. सारी कथा आठ-नऊ वाक्यांची. एवढ्याशा मजकुरावर पुढे गुलामांच्या व्यापाराचे केवढे मोठे समर्थन उभारले गेले, याची आपल्या वाचकांस कल्पना असावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही सध्या सिंगापूरच्या बुकित बातोक या उपनगरात राहतो. वॉटरलू स्ट्रीटवरील १८७८ सालचे मागेन अबोथ सिनेगॉग येथून पायी जाण्याजोगे नाही. म्हणून शब्बाथास दोन-तीन घरची मंडळी एकत्र बसून पाराशा वाचतो, मुलांना मराठीतून अर्थ सांगतो. अशाच एका बैठकीत आमच्यातील एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारले, ‘‘आफ्रिकेचे लोक हामच्या वंशातले, म्हणून ते गुलाम झाले, आणि हे तुमच्याच तोरात लिहिले आहे, असे माझा एक मित्र म्हणतो. हे खरे काय?’’ या देशात नागरिकांच्या ओळखपत्रावर वंशाचा रकाना असतो, त्यामुळे मुलांना असले प्रश्न लवकर सुचत असावेत. ‘तुमच्याच तोरात’ हे शब्द आम्हांला विशेष लागले. त्या मुलाला त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले ते येथे विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम मूळ पाहू. बेरेशीथच्या दहाव्या अध्यायात हामचे चार पुत्र सांगितले आहेत : कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. यांपैकी कूश हे नाव परंपरेने मिसरच्या दक्षिणेकडील देशाशी, म्हणजे काळ्या वर्णाच्या लोकांशी जोडले जाते. शाप आहे तो कनानला. कनानी लोक म्हणजे आपले पूर्वज ज्या भूमीत गेले तेथील रहिवासी. रंगारूपाने ते आपल्या पूर्वजांहून फार निराळे होते असे मानण्यास काही आधार नाही. मुळात या कथेत रंगाचा उल्लेखच नाही. एवढेच नव्हे, तर लागलीच पुढच्या अध्यायात कूशचा पुत्र निम्रोद येतो, आणि तो कोण? पृथ्वीवरील पहिला पराक्रमी राजा, बाबेलचा स्वामी. बाराव्या शतकातील आपले थोर भाष्यकार अब्राहाम इब्न एज्रा यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. नोहाच्या शापामुळे कूशी लोक गुलाम झाले असे म्हणणारे लोक जलप्रलयानंतरचा पहिला राजा कूशाच्याच वंशात झाला हे विसरतात, असे ते म्हणतात. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही हा गैरसमज प्रचलित होता आणि आठशे वर्षांपूर्वीच त्याचे उत्तरही दिले गेले होते.

दुसरी गोष्ट शब्दाची. आम्ही व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे शब्दाचा कीस काढण्याची खोड आम्हांला आहे, ती वाचकांनी सहन करावी. हिब्रू भाषेत ‘एवेद’ असा एकच शब्द आहे. शेतावर राबणारा तो एवेद, राजाचा सरदार तोही एवेद, आणि मोशे रब्बेनू यांना तर ‘परमेश्वराचा एवेद’ हीच सर्वांत मोठी पदवी आहे. मराठीत याला एक शब्द पुरत नाही. ‘दास’ म्हटले की भक्तीचा सुवास येतो. समर्थांनी तो शब्द आपल्या नावात अभिमानाने मिरविला. ‘गुलाम’ म्हटले की बाजार डोळ्यांपुढे येतो. पेशवाईतील कागदपत्रांत ज्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात त्या बटकी आणि कुणबिणी यांना ‘दासी’ म्हणून त्यांचे दुःख झाकता येणार नाही. भाषांतरकार कोणता शब्द उचलतो यावर वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे राहील हे ठरते, आणि तो शब्द उचलताना त्याच्या स्वतःच्या घरात कोण राबत आहे याचाही परिणाम होत असतो.

शिर हाशिरीम या ग्रंथाच्या प्रारंभी नायिका आपण सावळी आणि सुंदर असल्याचे सांगते. दोन विशेषणांना जोडणारे हिब्रू अक्षर ‘वाव’. त्याचा अर्थ ‘आणि’ असाही होतो, ‘पण’ असाही होतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘आणि’ आहे. लॅटिन भाषांतरात ‘पण’ झाले आणि १६११ सालच्या इंग्रजी बायबलातही ‘पण’च राहिले. सावळी आहे, पण सुंदर आहे! एका अव्ययाने केवढा घात केला पाहा. आपल्याकडील स्थळे पाहण्याच्या कार्यक्रमांत हे ‘पण’ आजही ऐकू येते, तेव्हा हसण्याचे कारण नाही. उलट बमिदबारमध्ये मोशेने कूशी स्त्रीशी विवाह केला म्हणून मिर्याम त्याला नावे ठेवते, तेव्हा तिच्याच अंगावर बर्फासारखे पांढरे कोड उठते. गोऱ्या रंगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा प्रसंग फारसा उद्धृत केल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि आमोस नाबीने तर परमेश्वराच्या दृष्टीने इस्रायलपुत्र आणि कूशपुत्र यांत भेद नसल्याचे स्वच्छ सांगितले आहे.

मग रंग आला कोठून? तो सर्वस्वी ख्रिस्ती पंडितांनी घुसडला असे म्हणणे आपल्या सोयीचे असले तरी खरे नाही. आपल्या बेरेशीथ रब्बा या मिद्राशात आणि तालमूदच्या सान्हेद्रिन या भागात हामला त्याच्या कातडीत शिक्षा झाल्याच्या आख्यायिका आहेत. त्या आख्यायिका होत, हलाखा नव्हे. त्यांच्या आधारे काळ्या माणसास गुलाम करावे असा नियम कोणी रब्बीने काढला नाही. तथापि आख्यायिका वाऱ्यावर उडतात आणि भलत्या शेतात रुजतात. अरब लेखकांतही ही कथा पसरली. चौदाव्या शतकात इब्न खल्दून या विद्वानाने ती खोडून काढताना तोरात रंगाचा उल्लेख नसल्याचे आणि काळा वर्ण हा उष्ण हवामानाचा परिणाम असल्याचे नमूद केले. पण त्याचे कोण ऐकतो? अरबांची गलबते गुलाम वाहतच राहिली.

पंधराव्या शतकात या कथेला जहाजे, तोफा आणि धर्मपीठाची मोहोर अशी तिहेरी जोड मिळाली. पोर्तुगालमधील लागोस बंदरात १४४४ साली आफ्रिकेहून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी झाली. आया लेकरांपासून तोडल्या गेल्या. राजाचा बखरकार झुरारा याने ते दृश्य वर्णिले आहे. त्याला रडू आले, हेही त्याने लिहिले आहे. परंतु १४५३ च्या सुमारास रचलेल्या त्याच बखरीत त्याने मनाचे समाधानही शोधले : जलप्रलयानंतरच्या शापामुळे हे लोक इतरांचे दास व्हावयाचेच होते. त्याच्या लेखनात हाम की काइन याचाही घोळ आहे. ज्याला अश्रू पुसण्यासाठी शास्त्रवचन हवे असते तो नावांची फारशी चिकित्सा करीत नाही. १४५२ आणि १४५५ या साली पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा लेखी दिली. गंमत अशी की याच पोपने १४४९ साली स्पेनमधील तोलेदो शहराचा एक ठराव धिक्कारला होता. तो ठराव होता धर्मांतरित ज्यूंविरुद्ध. बाप्तिस्मा घेतला तरी यांचे रक्त अशुद्धच, म्हणून यांना अधिकारपदे देऊ नयेत, असा. पोपने विरोध केला तरी रक्तशुद्धीची ही कल्पना पुढे स्पेन-पोर्तुगालमध्ये फोफावली. आमच्या मते वंशभेदाचे खरे बीज तेथे आहे. धर्म बदलता येतो, रक्त बदलता येत नाही, असे एकदा मानले की ज्यू आणि हबशी एकाच सापळ्यात सापडतात.

हा सापळा आपल्या किनाऱ्यावरही लागला. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५८३ ते १५८८ या काळात तेथे आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्शोटेन या डच गृहस्थाने गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. घोडे, जडजवाहीर आणि माणसे तेथे एकत्रच विकली जात. त्यांत मोझांबिककडून आणलेले आफ्रिकन लोक असत. त्याच शहरात १५६० साली इन्क्विझिशन बसली. थोर वैद्य गार्सिया द ओर्ता यांची बहीण कातारीना हिला १५६९ साली ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले आणि १५८० साली खुद्द ओर्ता यांची हाडे उकरून जाळण्यात आली. पोर्तुगीज मुलखांतील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली ती १८६९ साली.

इंग्रज आणि अमेरिकन हे प्रॉटेस्टंट, म्हणजे प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे असे मानणारे. त्यामुळे गुलामांच्या हाती शास्त्र द्यावे की न द्यावे हा त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. त्यातून लंडनमध्ये १८०७ साली एक विलक्षण पुस्तक छापले गेले : वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडक बायबल. त्यात योसेफ विकला गेल्याची कथा ठेवली होती, नोकरांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा पौलाचा उपदेश ठेवला होता. आणि मोशेने इस्रायलपुत्रांना मिसरमधून बाहेर काढले तो सारा वृत्तान्त गाळला होता. पेसाहच्या रात्री ज्या कथेसाठी आपण जागतो तीच नेमकी गायब! धन्यांना शास्त्र कळत नव्हते असे कोणी म्हणू नये. कोणते पान धोक्याचे आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते.

अमेरिकेत १८६० साली सुमारे ४० लक्ष माणसे गुलामीत होती. तेथील दक्षिणेकडील व्यासपीठांवरून नोहाचा शाप रविवारी रविवारी सांगितला जाई. १८६१ च्या मार्चमध्ये फुटीर राज्यांचा उपाध्यक्ष स्टीफन्स याने आपल्या प्रसिद्ध भाषणात कनानच्या शापाचा दाखला दिला. बाप्टिस्ट पंथ १८४५ साली याच प्रश्नावर दुभंगला होता; दक्षिणेच्या बाप्टिस्टांनी त्याबद्दल क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. आपल्या लोकांचे काय? ४ जानेवारी १८६१ रोजी न्यूयॉर्कचे रब्बी मॉरिस राफाल यांनी प्रवचन केले की बायबलात गुलामगिरीला पाप म्हटलेले नाही. नोहाचा शापही त्यांनी पुढे केला. तोराने दिलेले गुलामाचे हक्क दक्षिणेत पाळले जात नाहीत असेही ते म्हणाले, पण ते वाक्य कोण लक्षात ठेवणार? बॉल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी त्यांना सडेतोड उत्तर दिले. बॉल्टिमोर हे गुलामगिरीच्या राज्यातील शहर. एप्रिल महिन्यात तेथे दंगल उसळली तेव्हा आइनहॉर्न यांना कुटुंबासह शहर सोडून पळावे लागले. दोघेही रब्बी, दोघांपुढे एकच सेफेर तोरा.

सिंगापूरचीही अशीच एक हकीकत आहे. हे बंदर स्थापन करणारे रॅफल्स यांनी १८२३ साली नियम केला की २९ जानेवारी १८१९ नंतर, म्हणजे येथे इंग्रजांचे ठाणे बसल्यानंतर, आलेल्या कोणालाही गुलाम समजता येणार नाही. त्यापूर्वी येथे बुगी लोकांच्या गलबतांतून बायका-पोरे विक्रीस येत, त्याचे हृदयद्रावक वर्णन मुन्शी अब्दुल्ला यांनी आपल्या आत्मवृत्तात केले आहे. इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणारे धर्मनिष्ठ ख्रिस्ती पुढारी विल्बरफोर्स हे रॅफल्स यांचे स्नेही. असे असताना १८२६ साली रॅफल्स वारले तेव्हा लंडनजवळील हेंडन गावच्या पाद्रीने त्यांची स्मृतिशिला देवळात बसवू दिली नाही. त्या पाद्रीच्या घराण्याचा पैसा जमैकाच्या गुलामांच्या श्रमावर उभा होता. १९१४ पर्यंत थडग्याचा ठावठिकाणाही लागला नाही. एकाच पंथाचे, एकच पुस्तक वाचणारे हे दोघे इंग्रज! (हेच हेंडन आज ज्यूंच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे.) ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द केली तो कायदा कंपनी सरकारच्या मुलखाला लागू नव्हता; मुंबई आणि सिंगापूर या दोन्हींना १८४३ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

आता आपल्या घराकडे वळू. कोकणातील आपल्या पूर्वजांच्या हाती मराठीतून शास्त्र आले ते ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून, हे आपण नाकारू शकत नाही. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने मुंबईत व कोकणात शाळा काढल्या आणि त्यांत कित्येक बेने इस्रायल शिक्षक नेमले. आमच्यासारख्या मास्तरांची परंपरा तेथून सुरू होते. १८२९ साली स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ साली आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. या थोर माणसांचे ऋण आहेच. तथापि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या संस्थांचा इतिहासही पाहिला पाहिजे. अमेरिकन मिशनच्या मूळ मंडळाने १८४५ साली गुलामांच्या मालकांना चर्चबाहेर काढण्यास नकार दिला, तेव्हा नाराज सभासदांनी पुढील वर्षी वेगळी संस्था काढली. डॉ. विल्सन ज्या फ्री चर्चमध्ये गेले त्या चर्चने १८४४ साली अमेरिकेतील गुलामांच्या राज्यांतून सुमारे ३,००० पौंड वर्गणी घेतली. स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ साली स्कॉटलंडभर सभा घेऊन हे पैसे परत करा म्हणून सांगत फिरले. पैसे परत गेले नाहीत.

नेमक्या याच वर्षांत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा शिकत होता. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात तेथे होते. मिशनऱ्यांच्या शाळेतून ते एक दृष्टी घेऊन बाहेर पडले : शास्त्र कोणी लिहिले, कोणाच्या सोयीसाठी सांगितले, हे विचारावयाचे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. दशावतारांच्या कथा त्यांनी उलट बाजूने, हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या. त्यातील इतिहास सर्वांना पटेल असे नाही, आणि व्युत्पत्ती तर आम्हांलाही पटत नाहीत. पण अमेरिकेतील गुलाम ज्या रीतीने शेमोथ वाचीत होते, त्या रीतीने पुण्याचा एक माळी पुराणे वाचीत होता, ही गोष्ट साधी नव्हे.

आणि त्याच सुमारास नाशिकला काय चालले होते? नाशिकचा शरणपूर रोड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांनी तेथे शरणपूर नावाची वसाहत वसविली. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून त्यांतील आफ्रिकन मुले मुंबईस आणी, आणि त्यांतली पुष्कळ मुले या शरणपुरात ठेवली जात. तेथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकवीत. हे नाव ठेवताना प्राइससाहेबांच्या मनात काय होते ते असो. आपल्याला मात्र यार्देनच्या दोन्ही बाजूंची सहा शरणनगरे आठवल्यावाचून राहत नाहीत. १८६६ साली डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते. चुमा आणि विकतानी नावाची आणखी दोन मुले होती. १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून सोडविलेली ही मुले मुंबईत डॉ. विल्सन यांच्याकडे, म्हणजे आपल्या लोकांना हिब्रू शिकविणाऱ्या त्याच विल्सनसाहेबांकडे, ठेवलेली होती. मागाहून याकोब वेनराइट हा शरणपूरचा आणखी एक तरुण जाऊन मिळाला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंगस्टन जंगलात वारले. तेव्हा त्यांच्या हृदयाच्या दफनप्रसंगी प्रार्थना म्हटली ती याकोबने आणि झाडावर लेख कोरला तोही त्यानेच. चुमा, सुसी, याकोब आदी सोबत्यांनी देह वाळवून, कापडात गुंडाळून, कित्येक महिने पायपीट करून समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला गेला तेव्हा खांदेकऱ्यांमध्ये नाशिकचा याकोब होता.

शरणपूरची आणखी एक गोष्ट आम्हांला याहून मोलाची वाटते. १८७४-७५ साली तेथील अनेक आफ्रिकन कुटुंबे मोंबासाजवळ नव्याने वसविलेल्या फ्रीअर टाउन या मुक्त गुलामांच्या गावी गेली. गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावावरून ते नाव. शरणपूरचेच विल्यम जोन्स हे जवळच्या रबाई या ठाण्यावर धर्मोपदेशक झाले. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री तेथे येऊ लागले. झांजिबारचा ब्रिटिश वकील आणि मिशनचे वरिष्ठ यांनी बजावले की पळालेल्यांना थारा देऊ नका, मालकांशी भांडण नको. जोन्स यांनी थारा दिला. देवारीमच्या तेविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत देऊ नये, त्याला आवडेल त्या गावी त्याला आपल्यात राहू द्यावे आणि त्याला छळू नये. अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांना परत पकडून देण्याचा कायदा १८५० साली झाला तेव्हा तेथील विरोधकांनी हीच आज्ञा पुढे केली होती. रबाईला ती पाळली गेली. अखेरीस मालकांना पैसे देऊन १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० पळालेल्यांना मुक्तीचे कागद देण्यात आले. त्याच मिशनमध्ये काळ्या उपदेशकाचा दर्जा गोऱ्याहून खालचाच राहिला, हेही सांगितले पाहिजे. आणि या मुलांची मूळ नावे? ती बहुतेक कायमची पुसली गेली. जोन्स, वेनराइट, डेव्हिड ही मिशनने दिलेली नावे. आपल्याही पूर्वजांची सामाजी, अबाजी अशी नावे झाली खरी, परंतु ती कोणी बाप्तिस्म्याबरोबर चिकटविलेली नव्हती.

काळ्या माणसाच्या नशिबी दास्यच लिहिले आहे असे कोणी सांगितले असते तर आपले पूर्वज हसले असते. कारण त्यांचा राजाच हबशी होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे या टापूतील कितीतरी बेने इस्रायल घराणी जंजिऱ्याच्या सिद्दींची प्रजा. त्या मुलखाला हबसाण म्हणत. १८९० च्या दशकात तर आपलेच शालोम बापूजी इस्रायल जंजिरा संस्थानचे कारभारी होते. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० साली त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविले. निम्रोदाचा दाखला इब्न एज्रांना ग्रंथात शोधावा लागला. कोकणात तो किल्ल्यावर बसलेला होता.

तरीही रंगाचा रोग आपल्यात शिरला नाही असे म्हणवत नाही. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद आपण पाळला, दोहोंत बेटीव्यवहार ठेवला नाही. हायीम सामुएल केहिमकर यांच्या इतिहासात तो नमूद आहे. मग बगदादी बंधूंनी तोच माप आपल्याला लावला. १८३६ साली मुंबईच्या कब्रस्तानात मध्ये भिंत घालून मागितली, आणि १९३० च्या दशकात रंगूनच्या सिनेगॉगमधील हक्कांसाठी आपल्या लोकांना हायकोर्टापर्यंत जावे लागले. इस्रायल देशात १९६२ पासून आपल्या वंशाची चौकशी करण्याचा फतवा निघाला तेव्हा आपल्या बांधवांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. हा सर्व इतिहास आपण मोठ्या अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. मात्र त्याच्या शेजारी कोचीनची कथाही ठेवावी लागते.

कोचीनच्या परदेशी सिनेगॉगात गोऱ्या ज्यूंबरोबर त्यांच्या मुक्त केलेल्या दासांची संतती होती. त्यांना ‘मेशुह्रारीम’ म्हणत, म्हणजे सोडून दिलेले. त्यांना आत बाकावर बसण्याची मनाई, तोरा वाचण्याचा मान नाही, गोऱ्यांशी विवाह नाही. सोळाव्या शतकातच हा प्रश्न कोचीनहून कैरोचे रब्बी डेव्हिड इब्न झिम्रा यांच्याकडे गेला होता. विधिपूर्वक स्नान करून मुक्त झालेले ते सर्वार्थाने ज्यू, त्यांच्याशी विवाहास हरकत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. निर्णय आला, वाचला गेला आणि सुमारे चारशे वर्षे बाजूला ठेवला गेला. एकोणिसाव्या शतकात याच मेशुह्रारीमांत अब्राहाम बराक सालेम जन्मले. ते शिकून वकील झाले आणि गांधीजींच्या मार्गाने सिनेगॉगाच्या दारातच सत्याग्रह करू लागले. हळूहळू बाकावरची बंदी सुटली, तोरावाचनाचा मान मिळाला. सालेम १९६७ साली वारले. मट्टानचेरीच्या ज्यू टाउनमधील रस्त्याला आता त्यांचे नाव आहे.